अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या वर्षात काय पाठ करायचं आणि काय समजून घ्यायचं

अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी नव्याने घेतलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या पंधरवड्यातली तक्रार ठरलेली असते: नावं फार आहेत. प्रौढ माणसात २०६ हाडं, प्रत्येक हाडावरचे खळगे, उंचवटे, छिद्रं यांना वेगवेगळी नावं, त्यावर सहाशेहून अधिक स्नायू. ही यादी पचायच्या आतच कोणीतरी फळ्यावर पेशीचा पडदा काढतं आणि सोडियम-पोटॅशियमची ये-जा सुरू होते. मग काही जण सगळंच घोकायला घेतात. काहींना घोकंपट्टीचा मुळात तिटकारा असतो, ते ‘समजलं की आपोआप लक्षात राहील’ म्हणून निवांत राहतात. दोघेही पहिल्या चाचणीत आपटतात, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांवर.

कारण या एका विषयात दोन स्वभावाचे विषय आहेत. रचना (अॅनाटॉमी), म्हणजे कुठे काय आहे आणि त्याला काय म्हणतात, हे पाठच करावं लागतं. मनगटातल्या आठ हाडांची नावं कुठल्याही तर्काने निघत नाहीत. क्रिया (फिजिऑलॉजी), म्हणजे हे सगळं चालतं कसं, ती पाठ करून भागत नाही, कारण परीक्षेत प्रश्न जरासा फिरवला की पाठ केलेलं वाक्य निरुपयोगी ठरतं. रचनेला रोज थोडा वेळ लागतो, क्रियेला मोठ्या आणि सलग बैठका लागतात. पुढच्या पायऱ्या हा फरक धरूनच लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी दिशा पक्क्या करा

पुस्तकातल्या प्रत्येक वर्णनामागे उभं राहण्याची एकच ठरलेली पद्धत गृहीत धरलेली असते. माणूस ताठ उभा, नजर समोर, पावलं पुढे, हात अंगालगत आणि तळवे समोर. ही अॅनाटॉमिकल पोझिशन. टेबलावरचा देह पालथा असो की मॉडेल आडवं पडलेलं असो, वर्णन याच स्थितीतलं करायचं.

वाचून सोडू नका, उठून उभे राहा. तळवे समोर केले की अंगठे अंगापासून लांब जातात. म्हणून अंगठा लॅटरल (शरीराच्या मध्यरेषेपासून लांबचा) आणि करंगळी मीडियल (मध्यरेषेजवळची). कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडियस अंगठ्याच्या बाजूला, अल्ना करंगळीच्या. आता कोपर अंगाला चिकटवून ठेवा, दुसऱ्या हाताने मनगटाच्या जरा वर पकडा आणि तळवा मागच्या बाजूला फिरवा. बोटांखाली रेडियस सरकून अल्नावरून आडवी जाताना जाणवेल. तळवे समोर ठेवण्याचा आग्रह कशासाठी, हे इथेच कळतं. त्या स्थितीत ही दोन हाडं शेजारी शेजारी समांतर असतात आणि वर्णनात गोंधळ होत नाही.

उजवं-डावं नेहमी त्या देहाचं, तुमचं नव्हे. हृदयाच्या चित्रात उजवं एट्रियम, म्हणजे वरचा उजवा कप्पा, कागदाच्या डाव्या बाजूला असतं, आणि पहिल्या महिन्यात यात चुकत नाही असा विद्यार्थी विरळा. सीटी स्कॅनच्या आडव्या कापांचंही तसंच: रुग्णाच्या पायांकडून वर बघितल्यासारखं चित्र मांडलेलं असतं, त्यामुळे यकृत तुम्हाला डावीकडे दिसतं.

आणखी एक खाच. रोजच्या बोलण्यात ‘आर्म’ म्हणजे अख्खा हात आणि ‘लेग’ म्हणजे अख्खा पाय. या विषयात आर्म म्हणजे फक्त खांदा ते कोपर, आणि लेग म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. प्रॉक्सिमल आणि डिस्टल हे शब्द हातापायांसाठी: धडाजवळचं ते प्रॉक्सिमल, लांबचं ते डिस्टल. सॅजिटल (डावं-उजवं वेगळं करणारं), कोरोनल (पुढचं-मागचं) आणि ट्रान्सव्हर्स (वरचं-खालचं) या कापाच्या तीन प्रतलांवर मात्र फार वेळ घालवायची गरज नाही. एकदा तीन चित्रं काढली की काम झालं.

पायरी २: लांब नावं फोडून वाचा

स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हे नाव पहिल्यांदा ऐकलं की छाती दडपते. फोडून पाहा: स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, आणि मॅस्टॉइड हा कानामागचा टणक उंचवटा. स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो, हे नावातच लिहिलेलं आहे. मान एका बाजूला वळवा, विरुद्ध बाजूला जी तिरकी दोरी उठते ती हीच.

वहीच्या शेवटच्या चार-पाच पानांवर असे तुकडे जमवत जा. ऑस्टिओ म्हणजे हाड, कॉन्ड्रो म्हणजे कूर्चा, मायो म्हणजे स्नायू, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, हेपॅटो म्हणजे यकृत. शेवटी आयटिस आलं की दाह, साइट आलं की पेशी. ब्लास्ट बांधते, क्लास्ट मोडते, म्हणून ऑस्टिओब्लास्ट हाड घडवते आणि ऑस्टिओक्लास्ट ते विरघळवते. साठ-सत्तर तुकडे जमले की नव्या धड्यातले निम्मे शब्द ओळखीचे वाटू लागतात. शाळेत मराठीतून शिकलेल्यांना वृक्क, स्वादुपिंड, प्लीहा हे शब्द माहीत असतात, तेही त्याच पानावर समोरासमोर लिहून ठेवा. ते ज्ञान वाया घालवायचं कारण नाही.

पायरी ३: पेशीच्या पडद्याचा धडा उडवू नका

सुरुवातीच्या धड्यांमध्ये थोडं रसायनशास्त्र असतं, पेशी असते, पडदा असतो. ‘हे बारावीत झालंय’ म्हणून विद्यार्थी पुढे उडी मारतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या महिन्यात एकच धडा दोनदा करायचा असेल, तर हाच करावा. मज्जातंतू, स्नायू, हृदयाचे ठोके, मूत्रपिंड या सगळ्या धड्यांत हाच पडदा परत येतो.

दोन गोष्टी हातात आल्या पाहिजेत. एक म्हणजे ऑस्मोसिस, पडद्यातून पाण्याचं दाट द्रावणाकडे जाणं. तांबडी पेशी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात जशीच्या तशी राहते, नुसत्या पाण्यात फुगून फुटते आणि दाट मिठाच्या पाण्यात आक्रसते. पाणी कुठल्या बाजूला जाईल, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे.

दुसरी म्हणजे पडद्यावरचा विजेचा फरक. पेशीबाहेर सोडियम प्रतिलिटर सुमारे १४० मिलिमोल, आत १० ते १५. पोटॅशियमचं बरोबर उलट: आत सुमारे १४०, बाहेर ४ ते ५. हा फरक टिकवायला पडद्यातला पंप दर फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यात एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) एक रेणू खर्च होतो. विश्रांतीतली चेतापेशी आतून सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते. ते ‘पंपामुळे’ असं सरसकट लिहिलं जातं, पण पंपाचा थेट वाटा लहान आहे. पंप आतबाहेरचा फरक राखतो. त्या फरकामुळे पोटॅशियम आपल्या उघड्या वाटांनी हळूहळू बाहेर झिरपतो, जाताना धन प्रभार घेऊन जातो, म्हणून आतली बाजू ऋण होते. हे एकदा बसलं की पुढे उणे ५५ ला उंबरठा ओलांडणं, सोडियमचे दरवाजे उघडणं, आतला व्होल्टेज अधिक ३० पर्यंत उसळणं आणि पोटॅशियम बाहेर जाऊन तो खाली येणं, हे पाठ करावं लागत नाही. फक्त आकडे लक्षात ठेवावे लागतात.

पायरी ४: वेळ वाटून घ्या आणि पुस्तक मिटून अभ्यास करा

नावांसाठी रोज वीस ते तीस मिनिटं. रविवारी पाच तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. नावांची गत पाढ्यांसारखी असते, रोज म्हटले तरच बसतात. आकृतीची झेरॉक्स काढा, त्यावरची नावं व्हाइटनरने झाका, परत झेरॉक्स काढा. अशा रिकाम्या आकृत्यांचा गठ्ठा जवळ असू द्या. नावं भरा, तपासा, चुकलेलीच फक्त लाल पेनाने लिहा. दुसऱ्या दिवशी आधी लालवाली. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने.

क्रियेसाठी आठवड्यातून दोन-तीन बैठका, प्रत्येकी तास-दीड तासाच्या, फोन दुसऱ्या खोलीत. या बैठकीत कोरा कागद आणि पेन्सिल लागते, हायलायटर नाही. हायलायटरवर माझा राग आहे हे मान्य करतो. पिवळं झालेलं पान बघून अभ्यास झाल्यासारखं वाटतं, तेवढाच त्याचा उपयोग.

पुस्तक मिटायचं ते का, यावर प्रयोग झालेले आहेत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच परत वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. चाचणी पाच मिनिटांनी नसते, एवढं लक्षात घ्या.

लेक्चरच्या आधी धड्याची फक्त चित्रं आणि त्याखालच्या ओळी बघा, दहा मिनिटं पुरतात. लेक्चर झाल्यावर त्याच दिवशी, वही न उघडता, मुख्य आकृती आठवून काढा. ती अर्धवट आणि वेडीवाकडी येईल, येऊ द्या. जिथे हात अडतो तेवढंच वाचायचं आहे, हे त्यातून कळतं. व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण दर चार-पाच मिनिटांनी थांबवून आत्ता काय सांगितलं ते मोठ्याने म्हणा. म्हणता येत नसेल तर तो व्हिडिओ फक्त करमणूक आहे.

पायरी ५: हाड हातात घ्या

हाडं चित्रावरून शिकलेली पुरत नाहीत. प्रात्यक्षिकाच्या तासाला मॉडेल समोर असतं, तेव्हा अर्धा वर्ग त्याचे फोटो काढत असतो. तुम्ही ते उचला.

मांडीचं हाड, फीमर, घ्या. तीन प्रश्न क्रमाने विचारायचे: हाड कुठलं, बाजू कुठली, खूण कुठली. गोल चेंडूसारखं डोकं वर धरा. दोन मोठे फुगीर काँडाइल खाली येतील. आता हाडाच्या दांड्यावर अंगठा फिरवा, एका बाजूला लांब खडबडीत कंगोरा लागेल. ही लिनिया अॅस्पेरा, आणि ती मागच्या बाजूला असते. ती स्वतःच्या पाठीकडे करून हाड स्वतःच्या मांडीसमोर धरा. डोकं ज्या दिशेला वळलं आहे ती आतली बाजू, कारण ते कमरेच्या खोबणीत बसतं. डोकं तुमच्या डावीकडे वळलं असेल तर हाड उजव्या पायाचं. एवढं डोळे मिटून करता आलं, की स्पॉटिंगच्या (समोर ठेवलेली रचना ओळखायच्या) परीक्षेत हाडाची भीती उरत नाही. ह्यूमरस (दंडाचं हाड), टिबिया (नडगीचं), स्कॅपुला (खांद्याचं फाताडं) यांनाही असंच भिडा. प्रत्येकात वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर ठरवणाऱ्या तीन खुणा शोधायच्या.

पाठीचा कणा सोपा आहे: मानेत ७, छातीत १२, कमरेत ५, मग एकत्र जुळलेले सेक्रमचे ५ आणि कॉक्सिक्सचे (माकडहाडाचे) साधारण ४. मणका हातात आला तर आधी बाजूच्या आडव्या प्रवर्धनांत छिद्र आहे का बघा. असेल तर तो मानेचाच. बरगडी टेकायच्या गुळगुळीत जागा दिसल्या तर छातीचा. दोन्ही नसून मणका जाडजूड असेल तर कमरेचा.

मनगटातल्या हाडांसाठी आद्याक्षरांची गमतीदार वाक्यं प्रचलित आहेत. वापरा, पण त्यातून फक्त क्रम मिळतो, जागा मिळत नाही. म्हणून वाक्य म्हणताना बोट मॉडेलवर फिरलं पाहिजे.

पायरी ६: स्नायू स्वतःच्या अंगावर शोधा

स्नायूच्या तक्त्यात चार रकाने असतात: उगम, जोड, क्रिया, नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे). चारही रकाने पाठ करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांची मला दया येते. उगम आणि जोड माहीत असेल तर क्रिया बहुतेक वेळा काढता येते, कारण स्नायूला एकच काम येतं: आखडणं. तो ओढतो, कधीच ढकलत नाही. तो कुठला सांधा ओलांडतो आणि कुठल्या बाजूने, हे बघा.

बायसेप्सचं उदाहरण घ्या. सगळ्यांना माहीत असतं की तो कोपर वाकवतो. आता कोपर काटकोनात टेबलावर ठेवा, तळवा खाली. दुसऱ्या हाताची बोटं दंडाच्या पुढच्या भागावर ठेवा आणि तळवा जोर लावून वर फिरवा, कोणीतरी अडवत असल्यासारखा. कोपर हलला नाही, तरी बायसेप्स बोटांखाली टणक झाला. कारण तो रेडियसवर चिकटतो, आणि मघाशी पाहिलं की फिरणारं हाड रेडियस आहे. त्याच्या खाली दडलेला ब्रॅकिअॅलिस मात्र अल्नावर चिकटतो. अल्ना फिरत नाही, म्हणून ब्रॅकिअॅलिसला फक्त वाकवता येतं, तळवा कसाही असला तरी. दोन स्नायूंचा फरक एका जोडाच्या जागेवरून निघाला.

नसांच्या बाबतीत गट करून शिका. दंडाच्या पुढच्या भागातले स्नायू मस्क्युलोक्युटेनिअस नसेचे, मागच्या भागातला ट्रायसेप्स रेडियल नसेचा. भाग कळला की नस कळते, अपवाद तेवढे वेगळे लिहा.

पायरी ७: बाणांची वही

आता फिजिऑलॉजी. यासाठी वेगळी वही करा आणि तिच्यात परिच्छेद लिहायचेच नाहीत, फक्त बाण काढायचे. प्रत्येक बाणाला दोन गोष्टी हव्यात: काय वाढलं किंवा काय घटलं, आणि कशामुळे. कारण लिहिता येत नसलेला बाण म्हणजे न समजलेला भाग.

एक साखळी पूर्ण करून बघू. माणूस पडून होता, झटकन उभा राहिला. गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त पायांतल्या आणि पोटातल्या शिरांमध्ये साचतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. हृदय कमी भरतं, म्हणून दर ठोक्याला कमी रक्त बाहेर टाकतं. रक्तदाब उतरतो. मानेतल्या कॅरोटिड सायनसच्या आणि महाधमनीच्या कमानीच्या भिंती कमी ताणल्या जातात. तिथल्या बॅरोरिसेप्टरकडून (ताण जोखणाऱ्या चेताटोकांकडून) मेंदूच्या तळाशी असलेल्या मेडुलाकडे जाणारे संदेश घटतात. मेडुला ठोके मंद ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम सैल करतो आणि ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसांचा जोर वाढवतो. ठोके वाढतात, लहान धमन्या आणि शिरा आवळतात, रक्तदाब परत वर येतो. हे सगळं काही सेकंदांत घडतं. पाच मिनिटं पडून राहून नाडी मोजा, उभं राहून लगेच परत मोजा. ठोके साधारण १० ते २० ने वाढलेले दिसतील, तुमच्याच साखळीतला एक बाण.

इथे थांबलात तर परत पाठांतरच झालं. आता साखळी मोडून बघा. त्या माणसाला जुलाब होऊन शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर? ठोके मंद ठेवणारं बीटा ब्लॉकर औषध चालू असेल तर? शिरा नीट आवळल्याच नाहीत तर? प्रत्येक वेळी कुठला बाण तुटला ते दाखवा आणि पुढे काय होईल ते लिहा. परीक्षेतले अवघड प्रश्न बहुतेक असेच तयार होतात: तुम्ही शिकलेली साखळी आणि त्यातली एक कडी काढून घेतलेली.

या साखळीला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे, झालेल्या बदलाच्या उलट दिशेने जाणारा. पॉझिटिव्ह फीडबॅक बदल आणखी वाढवत नेतो आणि शरीरात तो मोजक्याच ठिकाणी आढळतो: बाळंतपणात कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, रक्त गोठणं, आणि मघाशी पाहिलेली सोडियमचे दरवाजे उघडण्याची लाट. शरीराच्या आतली स्थिती अशी राखली जाण्याला होमिओस्टॅसिस हे नाव अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये दिलं.

आकडेमोडीला घाबरू नका, ती इथे फार कामाची आहे. हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त टाकतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५,०४० मिलिलिटर, म्हणजे शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त मिनिटाला एकदा हृदयातून जातं. असाच हिशेब इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडला होता. त्या काळी प्राचीन वैद्य गेलनच्या शिकवणीप्रमाणे मानत की अन्नापासून यकृतात रक्त बनतं आणि अवयवांत खर्ची पडतं. हार्वे यांनी दर ठोक्याचं रक्त मुद्दाम कमी धरलं, तरी अर्ध्या तासाचा हिशेब शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरला. एवढं रक्त रोज नव्याने बनणं अशक्य, म्हणजे तेच फिरत असणार.

त्यांचा दुसरा पुरावा तुमच्या हातावर आहे. हात खाली लोंबता सोडा, मनगट ते कोपर यातली एक फुगलेली शीर निवडा. एका बोटाने ती दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सरकवा आणि ते दुसरं बोट उचला. मधल्या तुकड्यात झडप असेल तर शीर झडपेपर्यंत रिकामीच राहते, वरून रक्त परत येत नाही. आता खालचं बोट उचला, खालून लगेच भरते. झडपा फॅब्रिशियस या हार्वे यांच्या शिक्षकांनी आधीच दाखवल्या होत्या, पण त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात याचा अर्थ शिष्याने लावला. रचना समोर असूनही क्रिया न दिसण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मूत्रपिंडालाही हेच करा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळतात, म्हणजे दिवसाला १८० लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. मग उरलेलं गेलं कुठे? हा प्रश्न मनात ठेवून नेफ्रॉनचा (मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या सूक्ष्म नळीचा) धडा उघडलात तर नळीच्या प्रत्येक भागाचं काम आपोआप उत्तर बनून येतं.

हृदयाच्या धड्यात विद्यार्थी हमखास अडतात अशा दोन जागा. पल्मनरी आर्टरीत (फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत) ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, तरी ती आर्टरीच, कारण नाव दिशेवरून पडतं: हृदयापासून दूर नेणारी ती आर्टरी. आणि एव्ही नोडमध्ये, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या थांब्यावर, संदेश सुमारे ०.१ सेकंद का रेंगाळतो? व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) आखडण्याआधी एट्रियमला आपलं रक्त खाली ढकलून द्यायला वेळ मिळावा म्हणून.

या वहीच्या पहिल्या पानावर नेहमी लागणारे आकडे एककासहित लिहा: रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, प्लाझ्मातला सोडियम प्रतिलिटर १३५ ते १४५ मिलिमोल, शांत श्वासात आत जाणारी हवा ५०० मिलिलिटर, आणि वर आलेले बाकीचे. एक पान पुरतं.

पायरी ८: स्लाइड

मायक्रोस्कोपखाली नेहमी सर्वांत कमी मोठेपणापासून सुरुवात करा. थेट मोठ्या भिंगावर जाणाऱ्याला गुलाबी रंग दिसतो आणि बाकी काही नाही. आधी मोकळी कडा शोधा, म्हणजे पोकळीची किंवा बाहेरची बाजू. तिथे एपिथेलियम, म्हणजे पृष्ठभागावरचं पेशींचं आवरण, असतं. मग थर मोजा आणि सर्वांत वरच्या पेशीचा आकार बघा. नेहमीच्या रंगवण्यात केंद्रक निळंजांभळं आणि बाकीची पेशी गुलाबी दिसते. ऊतींचे मूळ प्रकार चारच आहेत, आणि रक्त हे कनेक्टिव्ह टिश्यूत (जोडणाऱ्या ऊतींत) मोडतं, हे विसरू नका. पुस्तकातलं चित्र उतरवू नका, दिसतं ते काढा.

पायरी ९: प्रात्यक्षिकाची खोली

काही अभ्यासक्रमांत मॉडेल असतात, काहींत प्राण्यांचे अवयव, काहींत दान केलेला मानवी देह. देह असेल तर फोटो नाही, थट्टा नाही, आणि काम झालं की नीट झाकून ठेवायचं. फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात, म्हणून लेन्सऐवजी चष्मा बरा. उपाशीपोटी जाऊ नका, आणि गरगरलं तर लाज न बाळगता खाली बसा.

खऱ्या शरीरात शिरा निळ्या आणि नसा पिवळ्या नसतात, सगळं करड्या-तपकिरी छटांत असतं. म्हणून बोटांनी ओळखा. धमनीची भिंत जाड, दाबून सोडली तर पुन्हा गोल होते. शीर पातळ आणि चपटी पडलेली. नस आतून भरीव दोरीसारखी. आणि एखादी शाखा पुस्तकात दाखवल्या जागेवरून निघत नसेल तर गोंधळू नका, माणसामाणसांत असे फरक असतातच.

पायरी १०: परीक्षा आणि त्यानंतर

स्पॉटिंगला वेळ मोजका असतो. पिन कशावर टोचली आहे ते नीट बघा: स्नायूवर, त्याच्या कंडरावर, की बाजूने जाणाऱ्या नसेवर. प्रश्न नाव विचारतो की कार्य, हे दोनदा वाचा. उजवं की डावं न लिहिल्यामुळे अर्धा गुण जाणं फार सर्रास आहे.

सारख्या दिसणाऱ्या नावांची वेगळी यादी करा. युरेटर मूत्रपिंडातून मूत्राशयात येतो, युरेथ्रा मूत्राशयातून बाहेर जाते. पेरिटोनियम पोटातलं अस्तर, पेरिनियम दोन मांड्यांमधला भाग. कमरेचं हाड इलियम आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियमच. इंग्रजी लिहिताना मधलं अक्षर हाडाच्या नावात ‘आय’ (ilium) आणि आतड्याच्या नावात ‘ई’ (ileum) येतं, तेवढं चुकू नका.

स्पष्टीकरणाच्या प्रश्नाला आधी कच्च्या जागेत बाण काढा, मगच वाक्यं लिहा. ‘रक्तदाब वाढतो’ असं लिहून थांबू नका, कशामुळे ते त्याच वाक्यात यायला हवं.

पहिल्या चाचणीचा पेपर हातात आला की गुण बघून तो बॅगेत कोंबू नका. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाका: नावच आठवलं नाही, साखळी मधे तुटली, किंवा प्रश्न नीट वाचला नाही. पहिला रकाना भरलेला असेल तर रोजची वीस मिनिटं होत नाहीयेत, रिकाम्या आकृत्यांचा गठ्ठा काढा. दुसरा भरला असेल तर वाचन पुरेसं आहे पण बाणांची वही कोरी आहे, आणि आणखी वाचून गुण वाढणार नाहीत. एका मित्राला समोर बसवा, साखळी मोठ्याने सांगा आणि त्याला प्रत्येक बाणावर ‘का?’ विचारायला सांगा. तिसरा भरला असेल तर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करायची सवय लावा: ओळखा, तुलना करा, कारण द्या. दुसऱ्या चाचणीनंतर परत हेच तीन रकाने भरा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.